मारुतीअण्णांचं वाजतं पायताण

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला... एरवी हा माणूस फळ्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हलत नाही. मी म्हटलं, "काय रे बाबा, बोल की." तर खाली बघत म्हणाला, "बाई, खालच्या गल्लीतनं माणूस आलतं. मारुतीअण्णा गेले म्हणं." मी खडू ठेवला, पोरांना पुढचा धडा वाचत बसा म्हणून सांगितलं आणि तशीच निघाले. बाजारपेठ ओलांडून खालच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आले तेव्हा कुठं माझं मलाच ऐकू आलं. माझ्या चपला वाजत होत्या. करकर, करकर... मौतीच्या घरी वाजतं पायताण घालून जायचं नाही, अशी आमच्या निपाणी भागातली रीत. लग्नाला जा, जत्रेला जा, बाजाराला जा, खुशाल वाजवत जा. पण जिथं माणूस गेलंय तिथं कोपऱ्यावरच पायातनं काढायचं, हातात धरायचं आणि अनवाणी जायचं. ही रीत मला लहानपणी अण्णांनीच सांगितली होती. मी चपला काढून पदराखाली धरल्या आणि त्यांच्या दारात गेले. सोनाआक्का, म्हणजे अण्णांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही.

याला आता काही आठवडे झाले. मी हे लिहिणार नव्हते. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडं पद्धत आहे आणि माझी जीभ मुळात तिखट. पण मध्यंतरी एका पेपरात चौकट आली, 'चप्पल निर्यातीचे शिल्पकार हरपले'. त्यात लिहिलं होतं की मारुतीअण्णा साधे, निगर्वी कारागीर होते आणि दिल्लीच्या निर्यात संस्थेनं त्यांना जगाची दारं उघडून दिली. निगर्वी... कपाळ माझं. आणि दारं म्हणाल, तर ती उघडली कुणी आणि धाडकन तोंडावर आपटली कुणी, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या संस्थेचं नाव मी इथं घेत नाही. लहान धंदेवाल्यांना परदेशी बाजारात नेऊन सोडायचं, एवढ्यासाठी सरकारनं ती काढलेली. आम्हाला तिनं नेलं बेळगावपर्यंत, आणि तिथनं वाऱ्यावर सोडलं.

आधी माणूस सांगते. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि आई तिथंच जर्दा चाळायला जायची. आमची बौद्ध गल्ली आणि चपला करणाऱ्यांची खालची गल्ली यांच्यामध्ये एक गटार आणि त्या गटारावर एक फरशी टाकलेली. बाकीचं गाव दोन्ही गल्ल्यांना सारखंच लांब ठेवायचं, त्यामुळं आमची ये-जा आपसांतच. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन अण्णांच्या ओट्यावर. अण्णा म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी पटका आणि हत्यारांच्या पेटीत रापी-आरीच्या शेजारी एक हातआरसा. दिवसातनं दहादा त्यात मिशी बघणार. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की त्याच्या हातातलं पायताण काढून घेणार आणि म्हणणार, "तुमचं पाय अजून ह्येच्या लायकीचं झालं न्हाईत. पुढल्या बाजारी या." भांडखोर होते, गर्विष्ठ होते, आपल्या हातासारखा हात पंचक्रोशीत नाही असं उघड बोलून दाखवायचे. आणि बोलून दाखवायचं कारणही होतं. त्यांचं पायताण वाजायचं.

आता नव्या वाचकांना हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं रानात विंचवाचं झुडूप उगवतं. त्याच्या काळ्या टणक बीला टोकाशी नांगीसारखे दोन आकडे असतात, म्हणून ते नाव. तळव्याच्या चामड्याच्या दोन पदरांमध्ये, टाचेकडच्या बाजूला, ते बी बेतानं बसवून वरनं शिवलं की पाऊल टाकताना पायताण करकरतं. सगळेच कारागीर ते घालायचे, पण दुसऱ्याचं पायताण सहा महिन्यांत गप्प व्हायचं. अण्णांचं तळवा झिजेपर्यंत वाजायचं, आणि त्याचा आवाज वेगळा, जरा खालच्या पट्टीतला, दमदार. गडी बांधावर दिसायच्या आधी त्याच्या बायकोला कळायचं की धनी आला. सोनाआक्का तर अण्णांच्या पायताणाचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यावर आला की चुलीवर चहाचं आधण ठेवायची. अण्णा ओट्यावर बसून पटका काढेपर्यंत कपबशी पुढं. मी कितीदा तरी पाहिलंय. त्या नवरा-बायकोत त्या वेळी एक शब्द बोलणं होत नसे.

बायकांची पायताणं मात्र मुकीच करायची पद्धत. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा अण्णांनी मला ओट्यावर बसवून कागदावर पाय ठेवायला सांगितला, आखून घेतला, आणि पंधरवड्यानं जो जोड दिला तो घालून मी उभी राहिले तर करकर. मी म्हटलं, "अवो अण्णा, बाईमाणसाचं पायताण कुठं वाजतंय व्हय?" तर आरशात मिशी बघत म्हणाले, "मास्तरीण वर्गाकडं येतीया हे पोरास्नी आधी कळाय नको? तेवढ्यात जागंवर बसून घेतील बिचारी." हेडमास्तरांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, मुरडा. आमच्या आई-आज्या ह्या गावच्या रस्त्यानं आवाज न करता चालत आल्या, आता मी वाजवत जाणार. पोरं मला पाठीमागं करकरबाई म्हणतात आणि मला ते अजून आवडतं.

खालच्या गल्लीचा माल जायचा शहरातल्या व्यापाऱ्यांकडं. इथं निपाणीत शिवायचं, राज्याच्या सीमेपलीकडं विकायचं, आणि नाव लागायचं दुसऱ्याच गावाचं. आमच्या चपलेला स्वतःचं गावसुद्धा नाही. त्यातल्या एका बड्या व्यापाऱ्याला सगळे नुसतं शेठ म्हणायचे. शेठ म्हणेल तो भाव आणि शेठ म्हणेल तो दिवस. अण्णांना हे सहन व्हायचं नाही. त्यांनी गल्लीतली घरं गोळा करून सोसायटी काढली, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की ह्या गल्लीचा माल गल्लीनंच विकायचा. शेठच्या दारात उभं राहायचं नाही. त्या माणसानं पुढं जे काही केलं आणि जे करायचं नाकारलं, ते सगळं ह्या एका गोष्टीपायी, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. त्या निर्यात संस्थेचं बेळगावात शिबिर भरलं. अण्णांना हिंदी तोडकंमोडकं यायचं, इंग्रजी अजिबात नाही, म्हणून मला बरोबर घेतलं. सकाळच्या बसनं गेलो. एका हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. वडगावचे विणकर आले होते, अनगोळचा एक पितळी नळ करणारा होता, बेळगुंदीचा एक काजूवाला मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. फलक इंग्रजीत, भाषण हिंदीत, अर्ज कन्नडात. मराठीत काय होतं म्हणाल, तर आमची आपसांतली कुजबुज. दिल्लीचे साहेब चौकड्यांच्या कोटात होते. ते म्हणाले, तुम्ही स्वतःला लहान समजू नका, तुम्ही थेट परदेशात माल पाठवू शकता, मध्ये कुणी दलाल नको, आम्ही आहोत. मी हे अण्णांच्या कानात मराठीत सांगत होते, आणि 'मध्ये कुणी नको' म्हटल्याबरोबर अण्णा उठून उभे राहिले. भर सभेत. साहेब दचकले. अण्णा म्हणाले, "साहेब, पुन्यांदा बोला." साहेब पुन्हा बोलले. परत येताना बसमध्ये अण्णा खिडकीला डोकं टेकून हसत होते... मी त्यांना तसं हसताना परत कधी पाहिलं नाही.

साहेबांनी नमुन्याचा जोड मागितला होता. म्हणाले, तुमच्या हातचं सगळ्यात उत्तम पाठवा. झालं, अण्णांनी घरादाराला कामाला लावलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाडजूड कातडं निवडलं. सोनाआक्कानं पट्ट्याची वेणी घातली, उसवली, पुन्हा घातली. आणि विंचवाचं बी गोळा करायला अण्णा स्वतः रानात गेले, कारण दुसऱ्यानं आणलेल्या बियांवर त्यांचा विश्वास नव्हता. तो जोड तयार झाला तेव्हा गल्लीनं तो वाजवून बघितला. एकजण घालून चालायचा, बाकीचे डोळे मिटून ऐकायचे. माझे वडील वखारीतनं येता येता थांबले आणि म्हणाले, "मारुती, हे तर बोलतंय गा." कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की परदेशात हा आवाज म्हणजे खोट ठरेल. येणार कसं? आमच्याकडं न वाजणारं पायताण म्हणजे एक तर बाईमाणसाचं नाहीतर फसलेलं. उत्तम पाठवा म्हटल्यावर मुकं पाठवून कुणी स्वतःची शोभा करून घेईल?

महिने गेले. मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि चौकड्यांच्या कोटातले साहेब उतरले, हातात तो जोड. अण्णांनी मला हाक मारून बोलावलं, ओटा झाडला, चटई घातली. साहेब बसले नाहीत. त्यांनी हिंदीत विचारलं, ह्याच्यात काय भरलंय? परदेशी गिऱ्हाइकानं कळवलंय की रूप छान आहे, पण आत काहीतरी सुटं झालंय, माल सदोष आहे. अण्णांना वाटलं, साहेबांना कौतुकानं जाणून घ्यायचंय. ते हसून म्हणाले, "आवाज हाय त्यो, साहेब." तर साहेबांनी बरोबरच्या माणसाकडून ब्लेड घेतलं आणि गल्लीतल्या बायका-पोरांच्या देखत तळव्याची शिवण टराटरा उसवली. आतलं काळं बी काढून तळहातावर धरलं, चोराकडं सापडलेला माल दाखवतात तसं सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "यह मिलावट है. सरासर मिलावट."

मी तोपर्यंत दुभाष्याचं काम करत होते. तो शब्द मी मराठीत सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना कळला होता. दुधात पाणी घालणाऱ्याला, तांदळात खडे मिसळणाऱ्याला जो शब्द वापरतात, तो अण्णांना त्यांच्याच ओट्यावर. मी साहेबांना इंग्रजीत म्हटलं की ही इथली जुनी कारागिरी आहे, तुम्ही त्या गिऱ्हाइकाला कळवा, समजावून सांगा, नाहीतर तुमचा उपयोग काय? ते माझ्याकडं बघून म्हणाले, मॅडम, बाजार समजावून घेत नसतो. अण्णांनी उसवलेला जोड साहेबांच्या हातातनं काढून घेतला. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी तबल्याची शाई खरवडून काढलीसा, आन् आता म्हणालाईसा, ह्यात घाण हुती." मी हेही इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

पण ऑर्डर हवी होती. गल्लीला काम हवं होतं, आणि शेठपासनं सुटायचं होतं. अण्णांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं, "बी घालायचं न्हाई. मुकी करायची. साहेब म्हणतोय तशी." कुणीतरी कुरकुरलं तर त्याच्यावर ओरडले. खालची गल्ली त्या दिवसापासून मुकी पायताणं शिवायला लागली. आणि अण्णांनी स्वतःच्या पायातलं वाजतं पायताणही काढून माळ्यावर टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "गल्लीला गप करून मी कुठं वाजत फिरू?" मुकं पायताण घालून ते घरी येत तेव्हा सोनाआक्काला कळत नसे. ते एकदम दारात उभे राहिलेले दिसले की ती दचकायची आणि मग चहा ठेवायची. अण्णा वैतागून वाट बघत बसायचे. एवढा साधा चहा, तोसुद्धा ह्या निर्यातीनं उशिरा केला, असं मी एकदा रागानं बोलले तर आक्का हसली होती.

मुका माल गेला. पहिला लॉट पास झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी संस्थेतनं निरोप आला की एवढ्याशा सोसायटीला थेट माल पाठवता येणार नाही, नियम बदललाय, आता मान्यताप्राप्त निर्यातदाराच्या हातूनच पाठवावा लागेल. आणि तो मान्यताप्राप्त निर्यातदार कोण, तर शेठ. मी आणि अण्णा बेळगावच्या त्यांच्या ऑफिसात गेलो. चौकड्यांचा कोट बदली होऊन गेला होता, दुसरे साहेब होते. मी म्हटलं, मध्ये कुणी नको असं तुम्हीच भाषणात सांगितलं होतं. ते म्हणाले, ते जुनं धोरण. मी म्हटलं, धोरण तुमचं जुनं झालं, माणसं मात्र तीच आहेत, त्यांनी काय करायचं? तर साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. अण्णांनी त्या चहाला हात लावला नाही. जिन्यावरनं उतरताना मला म्हणाले, "बाई, ज्याच्या दारातनं उठून आलतो, त्याच्याच दारात आणून बसीवलं की गं ह्यांनी." गल्लीतली बाकीची घरं शेठकडं गेली. त्यांना दोष कसा द्यायचा, पोटं होती. अण्णा गेले नाहीत. ते शेतकऱ्यांची पायताणं शिवत राहिले, मुकीच. वाजतं शिवा म्हणून कुणी आलं तरी, गल्ली गप हाय तवर मीबी गप, म्हणून परत पाठवायचे. आणि गल्लीतली जी पोरं त्या वर्षांत कामाला बसली, ती बी घालायला शिकलीच नाहीत.

काही वर्षांनी, ह्या ऐंशीच्या दशकात, त्याच संस्थेनं बेळगावात प्रदर्शन भरवलं. मी शाळेची मुलं घेऊन गेले होते आणि अण्णांना ओढून नेलं होतं, जरा बाहेर पडा म्हणून. आत शिरल्या शिरल्या मधोमध शेठचा स्टॉल. दिव्यांची माळ, गालिचा, आणि एक मुलगी नवी कोरी चप्पल घालून लाकडी फळीवर येरझाऱ्या घालत होती. करकर, करकर. वर फलक, 'परंपरेचा आवाज'. संस्थेचे साहेब परदेशी पाहुण्यांना सांगत होते की हे ह्या भूमीचं खास वैशिष्ट्य आहे, आमच्या निर्यातदारानं ते जपलंय. तीच संस्था. तोच आवाज. आमच्या ओट्यावर मिलावट होता, शेठच्या गालिच्यावर परंपरा झाला. मी काहीतरी बोलणार होते, अण्णांनी माझा दंड धरला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "बी न्हवं, पत्रा घातलाय. कातडं कापत जाईल त्यो." आणि माझ्या पोरांच्या ओळीतनं वाट काढत बाहेर गेले.

पत्र्यानं खरंच तळवे कापले असणार, कारण पुढं दोनेक महिन्यांत प्रदर्शनातले साहेब खालच्या गल्लीत हजर. बरोबर शेठ. अण्णांसाठी शाल आणलेली. म्हणाले, परदेशात ह्या आवाजाला फार मागणी आहे, शेठच्या कारखान्यातल्या मुलांना तुम्ही तो शिकवायचा, संस्था तुम्हाला उस्ताद म्हणून मान देईल. मी शाळेतनं येताना तिथं थांबले होते. अण्णांनी शाल घडी न मोडता परत साहेबांच्या हातात दिली. म्हणाले, "मिलावट सोडली साहेब आमी. तुमीच सोडाय लावलीसा." साहेबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते शेठकडं बघायला लागले. शेठला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मारुती, जुनं उकरू नकोस. तुझ्यामागं ही कला मरंल." अण्णा म्हणाले, "मरू दे. तुझ्या दारात जगण्यापरीस मरू दे."

त्या दिवशी मी अण्णांशी भांडले. म्हटलं, शेठला शिकवू नका, पण गल्लीतल्या पोरांना तरी शिकवा. ते म्हणाले, "गल्लीतली पोरं कुणाकडं कामाला जात्यात गं? आज त्यांस्नी शिकीवलं की उद्या ती शेठच्या कारखान्यात." मी म्हटलं, ही तुमची घमेंड आहे. म्हणाले, "व्हय, हाय." त्या माणसाचं बरोबर होतं का चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. गल्लीचा आवाज गल्लीनंच विकायचा, नाहीतर विकायचाच नाही, इतकं टोकाला ते गेले होते. पण त्यांना टोकाला ढकललं कुणी, ते मला पक्कं माहीत आहे. मग जरा वेळानं त्यांनी माझ्या पायाकडं बोट केलं. "माझ्या हातचा आवाज आता तुझ्याच पायांत ऱ्हायलाय. तळवा झिजला की माझ्याकडंच आण." मी दरवर्षी नेत गेले. सगळ्यांना मुकं शिवणारा हा माणूस दार लोटून घेऊन माझ्या एका जोडाला नवा तळवा घालायचा.

शेवटची भेट त्यांच्या आजारपणातली. मोतीबिंदूनं नजर गेली होती आणि छातीत कफ दाटलेला. मी चपला दारात काढायला लागले तर म्हणाले, "काढू नको. आत ये तशीच. चाल जरा." त्या एवढ्याशा खोलीत मी चुलीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून चुलीपर्यंत चालत राहिले. ते छताकडं तोंड करून ऐकत होते. "डावं दमलंय," म्हणाले. "बरा झालो की बघतो." सोनाआक्का चुलीपाशी बसली होती. तिनं आधण ठेवलंच होतं, मी कोपऱ्यावर आले तेव्हाच... आणि हे माझ्या ध्यानात त्या वेळी आलं नाही, नंतर आलं.

चौकट छापून आल्यावर आठवड्यानं शोकसभा झाली. कुणी ठेवली म्हणता? संस्थेनं आणि शेठनं मिळून. गावातलं मंगल कार्यालय घेतलं होतं. मला बोलायचं आमंत्रण होतं, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेलं. मी जाणार नव्हते. पण सोनाआक्काला रिक्षात घालून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं असं कळल्यावर मी उठले, साडी बदलली आणि चपला घातल्या. पोचायला मला उशीर झाला. दाराबाहेर पायताणांचा ढीग पडला होता. आत स्टेजवर अण्णांचा फोटो, हार, साहेब माइकसमोर. ते म्हणत होते की मारुतीजींनी आपला आवाज साता समुद्रापार पोचवला, आणि आता त्यांच्या स्मृतीसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. शेठ हात जोडून उभा राहिला. सगळे उभे राहिले. सोनाआक्का तेवढी खाली मान घालून खुर्चीतच बसलेली, अंगावर ती शाल. तीच शाल. अण्णांनी परत केलेली, आता त्यांच्या बायकोच्या खांद्यावर आणून टाकली होती.

कोपऱ्यावर चपला काढायच्या, ही रीत मला ठाऊक होती. दारात काढायच्या, हेही ठाऊक होतं. मी काढल्या नाहीत. त्या दोन मिनिटांत मी मधल्या वाटेनं चालत गेले. फरशी शहाबादी, सभा चिडीचूप, आणि त्यात करकर, करकर... डोळे मिटलेली माणसं डोळे उघडून माझ्या पायांकडं बघायला लागली. खालच्या गल्लीतले म्हातारे मागच्या रांगेत होते, त्यांच्यातल्या एकानं तोंडावर हात धरला. साहेब कपाळाला आठ्या घालून बघत होते. मी चालीत फरक केला नाही. स्टेजकडं जाऊन चार शब्द सुनवायचे असं घरनं ठरवून निघाले होते, ते शब्दही तयार होते.

पहिल्या रांगेशी पोचले आणि सोनाआक्कानं मान वर केली. मागं वळून पाहिलं नाही तिनं. खांद्यावरची शाल खाली घसरली, ती तिनं उचलली नाही. गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज निघाला, नेहमीच्या घरातल्या आवाजात.

"आलासा व्हय? बसा, च्या ठेवते."

मी स्टेजवर गेले नाही. तिला धरून परत खुर्चीत बसवलं आणि तिच्या पायाशी फरशीवर बसले. चपला पायात तशाच होत्या.